चारचौघांत बोलताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

सभाधीटपणा आणि वक्तृत्वाच्या सराव क्लबांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच धर्तीचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा संचालक आहे. कट्ट्यावर चार माणसांत मी दणकून बोलतो. पण वार्षिक सभेत अहवालावर बोलायला उभा राहिलो की छाती धडधडते, हातातला कागद थरथरतो, आवाज बारीक होतो. असं का होतं? सप्टेंबरात सभा आहे.
— एक संचालक, वडणगे

कट्ट्यावर समोरचा ‘हं’ म्हणतो, मान हलवतो, मध्येच तोंड घालतो. आपलं बोलणं पोचतंय की नाही हे तुम्हाला क्षणाक्षणाला कळत असतं. सभेत तीच माणसं गप्प बसून बघत राहतात. पोचपावती बंद झाली की शरीर त्याला धोका समजतं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, ठोके वाढतात, श्वास वरच्या वर चालतो, तोंड कोरडं पडतं, बोटांना बारीक कंप सुटतो. वर्षानुवर्षं व्यासपीठावर वावरलेल्यांनाही हे होतं, फक्त त्यांनी त्याची व्यवस्था लावलेली असते.

ती व्यवस्था अशी. पातळ मोठा कागद हातातला कंप दहापट करून दाखवतो, तो आधी टाका. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू छान चालते. त्यावर मोठ्या अक्षरांत पाच मुद्दे लिहा. आकडे मात्र पूर्ण लिहा : संकलन, दूध फरक, लाभांश. आकडा आठवायच्या नादात पुढचं सगळं सांडतं.

श्वासाबद्दल एक चुकीचा सल्ला सर्रास दिला जातो : ‘मोठा श्वास घे आणि सुरू हो.’ माणूस छाती भरून घेतो आणि तशाच ताणलेल्या छातीने बोलायला लागतो, म्हणून तर आवाज बारीक होतो. घेण्यापेक्षा सोडणं लांबवा. चार अंक मोजेपर्यंत आत, सात-आठ मोजेपर्यंत बाहेर, असं खुर्चीत बसल्या बसल्या पाच वेळा. उठल्यावर गुडघे ताठ आवळू नका, किंचित सैल ठेवा. पायांची लटपट बरीचशी आवळलेल्या गुडघ्यांतूनच येते.

पहिली दोन वाक्यं तोंडपाठ करा, त्यापुढचं काही पाठ करू नका. बहुतेकांच्या बाबतीत धडधड सर्वांत जास्त असते ती पहिल्या मिनिटात, आणि नेमकं तेव्हा सुचत नाही. पाठ केलेली वाक्यं तेवढा वेळ भरून काढतात. शिवाय सभेच्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन रिकाम्या सभागृहात माइकपाशी उभे राहा, शेवटच्या रांगेकडे बघून ती दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. एकदा मोबाइलवर स्वतःचं चित्रीकरणही करा. आतून जाणवणारी थरथर बाहेरून किती कमी दिसते ते बघून हायसं वाटेल. सहकारी संस्थांच्या सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात, म्हणजे जूनपासून लागलात तर हाताशी पुरते तीन महिने आहेत. त्यात क्लबमध्ये तीन वेळा उभं राहणं सहज जमेल.

प्रश्न : कोल्हापुरात व्याख्यानांना तोटा नाही. मी नेमाने ऐकतो, भाषणकलेचे व्हिडिओ बघतो, पुस्तकंही वाचली. तरी उभं राहिलं की शब्द फुटत नाही. क्लबमध्ये जाऊन वेगळं काय होणार?
— निवृत्त कर्मचारी, शाहूपुरी

दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात वर्षभर कार्यक्रम असतात. 1850 साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर अजून चालू आहे. या गावाचा कान तयार आहे यात शंका नाही. पण अशा कार्यक्रमात बोलतो एक आणि ऐकतात दोनशे. तुम्ही इतकी वर्षं सराव केलात तो ऐकण्याचा.

क्लब देतो ती बोलण्याची पाळी, आणि ती ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा. आज जगभर पसरलेल्या टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या संस्थेचं मूळ 1924 साली कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना इथे राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या एका क्लबात आहे. त्यांची रीत साधी आहे : छोटी भाषणं, हातात घड्याळ, आणि प्रत्येक भाषणावर बरोबरीच्याच सभासदाचा अभिप्राय. शिकवायला गुरुजी नाहीत. ही रीत कोणीही, कोणत्याही भाषेत उचलू शकतो. त्यासाठी त्या संस्थेशी जोडून घ्यायलाच हवं असं नाही. अधिकृत क्लब काढायचा तर साधारण वीस सभासद लागतात आणि त्यांची वर्गणी भरावी लागते.

क्लब निवडताना दोन बैठका पाहुणा म्हणून बघा. दीड तासात किती वेगवेगळी माणसं उभी राहून बोलली ते मोजा. दहाच्या आत असतील तर तो क्लब नव्हे, व्याख्यानमालाच आहे.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत : दोन दुकानदार, तिघी गृहिणी, एक फौंड्रीतला सुपरवायझर, दोन कॉलेजची मुलं. मराठीतूनच क्लब चालवायचा आहे. किती लोक, कुठे, किती वेळ, काय क्रम, खर्च किती, सगळं सविस्तर सांगा.
— एक गट, राजारामपुरी

आठ जणांवर खुशाल सुरू करा. आठांसाठी एक तास पुरे : दोन तयार भाषणं, पाच ऐनवेळचे विषय (विषय तिथेच मिळतो आणि लगेच मिनिट-दोन मिनिटं बोलायचं), दोन अभिप्राय. सभासद बारा-पंधरा झाले की दीड तासावर जा. मग साधारण असा हिशेब बसतो. सुरुवात आणि कामांची ओळख 5 मिनिटं. तीन तयार भाषणं, प्रत्येकी 7 मिनिटं आणि नंतर 1 मिनिट शांततेत टिपणं लिहायला, म्हणजे 24. आठ ऐनवेळचे विषय, उठून येणं-जाणं धरून 22. चहा 10. तीन अभिप्राय 10. वेळेचा आणि बोलताना अडखळून निघणाऱ्या ‘अं’चा हिशेब 5. एकूण बैठकीवर अभिप्राय 5. पुढच्या बैठकीची कामं वाटणं 5. बेरीज 86 होते, उरलेली चार मिनिटं खुर्च्या ओढण्यात जातात.

आता पाळीचं गणित करा, कारण क्लब त्यावरच जगतो. पंधरा सभासद आणि बैठकीला तीन भाषणं म्हटलं तर एकाची पाळी पाचव्या बैठकीला येते. आठवड्याला बैठक असेल तर पाच आठवड्यांनी, पंधरवड्याला असेल तर दहा आठवड्यांनी. दहा आठवड्यांच्या खंडात कमावलेलं सगळं धुऊन जातं. म्हणून बैठक आठवड्यालाच हवी. ते जमतच नसेल तर संख्या नऊ-दहाच्या वर नेऊ नका. आणि सभासद पंचवीसच्या पुढे गेले तर खुशीत मिरवण्याऐवजी दोन क्लब करा.

कामं प्रत्येक वेळी वेगळ्याकडे द्यायची. सूत्रसंचालक, विषय देणारा, वेळ बघणारा, ‘अं’ मोजणारा, भाषणांवर अभिप्राय देणारे तिघं आणि सगळ्या बैठकीवर बोलणारा एक. चार बैठकांचा तक्ता आधीच करून ग्रुपवर टाका आणि दर वेळी एक राखीव वक्ता नेमा, कारण ऐनवेळी ‘पाहुणे आलेत’ असा फोन येतोच.

वेळ दाखवायला कार्डशीटचे तीन तुकडे पुरतात. पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला तांबडा. साडेसातला टाळ्या वाजवून थांबवायचं, मग बोलणारा कोणीही असो. ऐनवेळच्या विषयाला एक, दीड आणि दोन मिनिटं. घंटी ठेवू नका, तिने सगळेच दचकतात आणि वाक्य तुटतं. वेळ बघणाऱ्याला मागच्या रांगेत मधोमध बसवा. तो बाजूला बसला तर वक्ता सारखी मान वळवत राहतो.

जागा म्हणजे शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली, तालमीचा किंवा मंडळाचा हॉल. दार श्रोत्यांच्या पाठीमागे येईल असं बघा. ते वक्त्यामागे असलं की उशिरा येणारा प्रत्येक जण भाषण खातो. खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडा. आणि पत्र्याच्या छपराचा हॉल उन्हाळ्यात कितीही आवडला तरी घेऊ नका. जुलैत कोल्हापूरचा पाऊस त्यावर कोसळायला लागला की दोन महिने एकमेकांचं ऐकू येणार नाही. पुराच्या दिवसांत, गणपतीत, नवरात्रात बैठका चुकणारच. त्या तारखा तक्त्यातच सुट्टी म्हणून टाका, म्हणजे ‘क्लब बंद पडला’ ही आवई उठत नाही.

खर्च फारसा नाही. पंधरा जणांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर दीड हजार जमतात. त्यात चहा, झेरॉक्स आणि जागेचं थोडंफार भाडं बसवायचं. वर्गणी ठेवाच, फुकटच्या बैठकीला दांडी मारताना कुणाला काही वाटत नाही.

क्लब मोडतात त्याची कारणं ठरलेली आहेत. साडेसहाची बैठक सातला सुरू होते, मग वेळेवर येणारे येईनासे होतात. दुसरं कारण जास्त घातक : दर वेळी कोणीतरी ‘मान्यवर’ बोलावून मार्गदर्शन ठेवलं जातं, सत्कार होतो, शाल-श्रीफळ होतं आणि सभासदांच्या पाळ्या कापल्या जातात. वर्षातून एकदा ठीक, दर महिन्याला नको. तिसरं, मुळात चांगलं बोलणारे तीन-चार जणच सगळी भाषणं करतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. तक्ता काटेकोर पाळला की हे आपोआप थांबतं. ज्याने क्लब काढला त्याने सहा महिन्यांनी किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी. हे सगळ्यांत अवघड आहे, पण केलं नाही तर क्लब त्याच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या बदलीबरोबर संपतो.

प्रश्न : तयार भाषण कसंबसं जमतं. पण ऐनवेळी विषय दिला की डोकं कोरं होतं. शिवाय विषय देणाऱ्यालाही काय द्यावं कळत नाही.
— विद्यार्थिनी, कसबा बावडा

डोकं कोरं होत नाही. एकदम पाच गोष्टी सुचतात आणि कोणती धरावी हे ठरत नाही. म्हणून साचा आधीच ठरवून ठेवायचा : मत, कारण, एक उदाहरण, पुन्हा मत. दोन मिनिटांत एवढंच मावतं.

समजा, विषय आला : ‘कोल्हापुरात पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला आधी कुठे न्याल?’ अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, मिसळ हे सगळं सुचतं आणि पोरं सगळंच सांगत सुटतात. एकच उचला. ‘मी पाहुण्याला सकाळी आधी मिसळ खायला नेईन. कारण देवळाला रांग असते आणि रिकाम्या पोटी रांगेत पाहुणा वैतागतो. समजा, मुंबईचा मित्र आला. तिखट कट बघून आधी घाबरतो, ब्रेडचा तुकडा बुडवून खातो आणि डोळ्यांतून पाणी येत असताना आणखी कट मागतो. त्यानंतर त्याला कुठेही न्या, तो खूशच. म्हणून आधी मिसळ, मग दर्शन.’ सावकाश, थांबत बोललं तर याला मिनिटभर लागतं. हिरवं कार्ड दिसेपर्यंत गाडी रुळावर आलेली असते.

विषय ऐकल्यावर लगेच तोंड उघडू नका. जागेवरून उठून पुढे येईपर्यंतच्या पाच-सात पावलांत फक्त पहिलं वाक्य, म्हणजे मत, ठरवा.

विषय देणाऱ्याने माहिती लागणारे विषय टाळावेत. ‘जागतिक तापमानवाढ’ म्हटलं की ज्याने वाचलंय तो बोलतो, बाकीचे शरमिंदे होतात. तांबडा रस्सा की पांढरा, रंकाळ्यावर गाड्या लावायच्या कुठे, लग्नात आहेर बंद करावा का, असे विषय सगळ्यांना पेलतात. निवडणूक, जातीपाती आणि पेठेपेठेतला फुटबॉल हे तीन बाहेर ठेवा. तिसऱ्यावर तर चहाही होत नाही, थेट भांडणच.

प्रश्न : आमचा क्लब वर्षभर चालू आहे. आता सगळे एकमेकांना ‘छान, सुंदर, अप्रतिम’ म्हणतात. मध्ये एकाने स्पष्ट बोलून दाखवलं तर ज्यांच्याबद्दल बोलला त्या ताई यायच्याच बंद झाल्या. मधला मार्ग काय?
— क्लबचा सचिव, इचलकरंजी

क्लबमधली सगळ्यांत कठीण गोष्ट भाषण नव्हे, हा अडीच-तीन मिनिटांचा अभिप्राय आहे, आणि बहुतेक ठिकाणी तोच न शिकवता सोडून दिलेला असतो.

समजा, एका ताईंनी वर्षाचा कांदा-लसूण मसाला कसा करायचा यावर भाषण केलं. त्यावर सर्रास येतो तो अभिप्राय असा : ‘छान बोललात. विषय चांगला होता. आत्मविश्वास थोडा वाढवा, आवाज मोठा करा.’ घरी जाऊन त्यांनी यातलं काय करायचं? आत्मविश्वास वाढवा म्हणजे नेमकं कोणतं बटण दाबा?

आता हा बघा : ‘ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, हे सांगताना तुम्ही देठ खुडून दाखवल्यासारखा हात केलात, तेव्हा मागच्या रांगेतले दोघं पुढे वाकले. मसाला जळतो तो खोबरं भाजताना, हे तुम्ही आवाज खाली आणून सांगितलंत, तो भाग माझ्या लक्षात राहिला. प्रमाण सांगताना मात्र तुमची मान कार्डाकडे गेली आणि लसूण किती ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी आकडा कार्डावर बघा, मान वर करा, मग बोला, आणि बोलून झाल्यावर क्षणभर थांबा.’

इथे माणसाबद्दल एक शब्द नाही. जे दिसलं, जे ऐकू आलं आणि त्याने ऐकणाऱ्याचं काय झालं, एवढंच आहे. दोन गोष्टी जमल्या त्या, आणि सुधारायची एकच. चुका पाच दिसल्या तरी एकच सांगायची, कारण पुढच्या भाषणात माणूस एकच गोष्ट सांभाळू शकतो. कोणती सांगायची हे निवडण्यातच अभिप्राय देणाऱ्याची खरी परीक्षा असते. ‘तुम्ही घाबरला होतात’ हे कधीही म्हणू नये. ते त्यांना माहीत असतं, आणि नसलं तर आता होतं.

भाषणाआधी वक्त्याला विचारा, ‘आज मी कशाकडे लक्ष देऊ?’ याने अर्धी कटुता आधीच जाते, कारण मग सूचना त्यांनीच मागितलेली असते. नवरा-बायको, साहेब आणि हाताखालचा माणूस, अशा जोड्या अभिप्रायाला लावू नका. आणि वर सांगितलेलं ‘बैठकीवर बोलणारा’ हे काम तुमच्याकडे नसेल तर आधी ते सुरू करा, कारण अभिप्राय देणाऱ्यांना तोच अभिप्राय देतो. ‘तुम्ही तीन मिनिटांत चार वेळा छान म्हणालात, पण काय छान ते सांगितलं नाहीत’ असं एक-दोनदा झालं की गाडी सुधारते.

‘अं’ मोजणाऱ्यानेही तोल सांभाळायला हवा. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय म्हणतात ते’, ‘बरं का’ यांच्या रेघा मारायच्या आणि शेवटी नुसता आकडा सांगायचा, नक्कल करायची नाही. काही क्लबांत प्रत्येक ‘अं’ला रुपया दंड असतो. मजा येते, पण वक्त्याचं सगळं लक्ष दंड चुकवण्यात जातं. त्यापेक्षा एकच सांगा : पुढचा शब्द सापडेपर्यंत ओठ मिटून ठेवा. मिटलेल्या ओठांतून ‘अं’ निघत नाही.

त्या ताईंना ग्रुपवर मेसेज टाकू नका. फोन करा, आणि ‘या’ एवढंच म्हणू नका, काम सांगा : ‘पुढच्या बुधवारी वेळ बघायला तुमचं नाव लावलंय.’ काम असलं की माणूस परत येतो, भाषणाचं नंतर बघता येईल.

प्रश्न : माझ्या बोलण्यात ‘हाय’, ‘न्हाई’, ‘आलतो’ येतं. पुण्यात नोकरीच्या मुलाखतीत लोक गालात हसले. क्लबमध्येही तेच होईल म्हणून जात नाही.
— एक तरुण, गडहिंग्लज

बोली बदलायची गरज नाही. मुलाखतीसारख्या जागेसाठी दुसरी पट्टी जवळ ठेवायची, एवढंच. त्यासाठी रोज दहा मिनिटं वर्तमानपत्रातला अग्रलेख मोठ्याने वाचा आणि आठवड्यातून एकदा रेकॉर्ड करून ऐका. तीन महिन्यांत जिभेला वळण लागतं.

ऐकणाऱ्याला अडचण होते ती बोलीमुळे नव्हे, वाक्याचा शेवट गिळल्यामुळे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘मी तिथे तीन वर्षं काम’ इथपर्यंत आवाज खणखणीत आणि ‘केलं नाही’ तोंडातल्या तोंडात, असं झालं तर अर्थच उलटा होतो. शेवटचे दोन शब्द पहिल्या दोन शब्दांइतक्याच मोठ्याने यायला हवेत, ते आधी दुरुस्त करा.

भाषणात पट्ट्यांची सरमिसळ मात्र टाळा. ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून पुस्तकी सुरुवात आणि दुसऱ्या मिनिटाला गडहिंग्लजची बोली, याने लोक हसतात. सुरुवातच आपल्या बोलीत केली तर कोणी हसत नाही, उलट सावरून बसतात. आणि क्लबांनी नियमच करावा : वक्त्याने स्वतः विचारल्याशिवाय त्याच्या बोलीवर अभिप्राय द्यायचा नाही.

प्रश्न : मला लहानपणापासून तोतरेपणा आहे. क्लबने जाईल का?
— एक वाचक, कागल

नाही, आणि तसं आश्वासन देणाऱ्या शिबिरांपासून लांब राहा. तोतरेपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. त्यासाठी वाचा-उपचार तज्ज्ञांना भेटा. मोठ्या रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात त्यांची चौकशी करता येईल. उपचारांसोबत क्लबचा उपयोग होतो तो एवढ्यासाठी की शब्द अडेल म्हणून बोलणंच टाळायची जी सवय लागलेली असते, ती सुटायला मदत होते.

जाण्याआधी सूत्रसंचालकाशी बोलून तीन गोष्टी मागून घ्या : वेळ दीडपट, अडलेल्या शब्दाची मोजणी नाही, आणि कोणीही तुमचं वाक्य पुरं करायचं नाही. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. मदत म्हणून शब्द पुरवणारे आणि ‘सावकाश बोल’ म्हणणारे लोक चांगल्या मनाचे असतात, पण त्यानेच जास्त अडतं.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करतो, मध्ये एक शब्द विसरला की तिथेच थांबून रडतो.
— पालक, मंगळवार पेठ

शब्दन् शब्द पाठ केलेलं भाषण साखळीसारखं असतं, एक कडी निसटली की पुढचं सगळं जातं. तीन मिनिटांच्या भाषणाला तीनशे ते साडेतीनशे शब्द पुरतात. त्याचे पाच तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला मुलालाच एक चित्र काढायला सांगा. शाहू महाराजांवरचं भाषण असेल तर वसतिगृह, राधानगरीचं धरण, कुस्तीचं मैदान, अशी. मग चित्रं पिसून कोणत्याही चित्रापासून बोलायला लावा. असा सराव झालेलं मूल विसरलं तरी पुढच्या चित्रावर उडी मारतं.

भाषण तुम्ही लिहून दिलेलं असेल तर त्यातले ‘द्रष्टे’, ‘अलौकिक’, ‘दीपस्तंभ’ आधी काढा. जो शब्द मूल जेवताना वापरत नाही, तोच व्यासपीठावर विसरतं. आणि सुरुवातीच्या ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग, परीक्षक आणि माझ्या बालमित्रांनो’मध्ये काही सेकंद जातात, ते तीन मिनिटांत धरायला विसरू नका.

प्रश्न : क्लबमध्ये माइक नसतो. मंडळाच्या कार्यक्रमात माइक हातात आला की एकतर शिट्टी वाजते, नाहीतर मागच्यांना ऐकू जात नाही.
— सूत्रसंचालन करणारी वाचक, उचगाव

शिट्टी वाजते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून फिरत राहतो म्हणून. माइक घेऊन स्पीकरच्या पुढे जाऊ नका, माइकचं तोंड त्याच्याकडे करू नका आणि माइकची जाळी मुठीत धरू नका. तशी धरली की शिट्टी हमखास.

अंतर चार बोटांचं ठेवा, आणि माइक तोंडासमोर सरळ न धरता हनुवटीच्या किंचित खालून तिरका धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फटाके फुटत नाहीत. उजव्या-डाव्या बाजूला बघताना मान वळते आणि माइक तिथेच राहतो, म्हणून मागच्यांना अर्धी वाक्यं ऐकू येतात. कोपर अंगाला लावून धरलात तर तो तुमच्याबरोबर वळतो. ‘हॅलो, हॅलो, चेक’ कार्यक्रमाआधी करा, आणि चाचणीसाठी आकडे न मोजता तुमचं पहिलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हणा. साउंडवाला त्याच आवाजावर बटण लावतो. आकडे हळू म्हणून नंतर स्वागताला एकदम चढलात की तो घाईने आवाज खाली ओढतो आणि पाहुण्यांच्या भाषणापर्यंत तो तसाच राहतो.

महिन्यातून एका बैठकीला कोणाकडून तरी छोटा स्पीकर आणि वायरचा माइक मागून आणा आणि त्या दिवशीचे सगळे ऐनवेळचे विषय माइकवर घ्या. बॅटरीवरचा माइक आणला तर जादा सेल खिशात ठेवा.